नूनकिशूनं तार काढली

दोन वर्षं लोइताच्या माळावर पाऊस फिरकला नाही. उरलंसुरलं गवत आपल्याच गुरांना राहावं म्हणून ज्यानं त्यानं आपल्या जमिनीला तारेचं कुंपण घातलं. परमुआतनं घातलं, तसं त्याच्या विधवा वहिनीनं, नूनकिशूनंही घातलं.

हंगाम आला. झेब्रे आणि वाइल्डबीस्ट, म्हणजे बैलासारख्या तोंडाची मोठी हरणं, नेहमीच्या वाटेनं नदीकडे निघाले आणि तारांवर येऊन धडकले. सकाळी नूनकिशू पाण्याला निघाली, तर तिच्या तारेत झेब्र्याची एक गाभण मादी अडकलेली. पोट फाटलेलं, पण डोळे हलत होते. नूनकिशूनं घरातून नवऱ्याचा भाला आणला आणि तिला यातनांतून मोकळं केलं. दुपारपर्यंत त्या मढ्यावर दोनचारच गिधाडं उतरली. गिधाडंही आताशा दिसेनाशी झाली होती.

संध्याकाळी ती तार सोडवू लागली. परमुआत धावत आला.

"वहिनी, उन्हानं डोकं फिरलं का? ती जनावरं सगळं चरून जातील. गुरांना काय, माती चारणार?"

"गुरं कमी करीन. भावजी, तुम्हीही नदीकडची एक पट्टी सोडा. माझ्यातून सुटतील ती तुमच्या तारेत मरतील."

"आणि माझ्या पोरांना झेब्र्याचं दूध पाजू?"

आदल्याच दिवशी त्याची गाय उभ्याउभ्या कोसळली होती. नूनकिशू तार गुंडाळत राहिली.

त्याची तार आणि घळ यांच्यामध्ये नदीकडे जायला एकच चिंचोळी जागा होती, आणि तिथं तिचं घर होतं. नवी नवरी असताना शेणाकाटक्यांनी तिनंच ते लिंपलं होतं. तिनं ते पाडलं आणि वरच्या खडकाळ चढावर दुसरं बांधलं. पाणी लांब पडलं.

"जनावरांना महाल मोकळा करून दिलास म्हणे!" बायका हसल्या.

"मग? पाहुणे आहेत ते," ती म्हणाली.

जनावरं त्या वाटेनं गेली, पण पूर्वीसारखे कळप नव्हते. त्यांच्या मागोमाग सिंह आले आणि तिची दुभती गाय गेली. परमुआत येऊन गाईचं मढं ओढू लागला.

"आता तरी पट्टी सोडता? सगळी माझ्याच दारावरून जातात," नूनकिशू म्हणाली.

"पाऊस पडू दे, बघू."

पाऊस पडला. परमुआतनं जमीन बाहेरच्या एका गहूवाल्याला कसायला दिली, आणि त्यानं आणखी उंच तार ओढली. पुढच्या हंगामात थोडे झेब्रे तेवढे आले. वाइल्डबीस्ट आलेच नाहीत.

नूनकिशू अजून चढावरच राहते. तिच्या गाई खाली जुन्या घराच्या मोकळ्या जागेकडे वळल्या, की ती काठी घेऊन त्यांना माघारी हाकलते.