उशिरा घाबरणारे हृदय

मी लष्करातला, सिग्नल्समधला हवालदार. बावीस वर्षे नोकरी झाली, त्यातली शेवटची तीन कुपवाडा सेक्टरमध्ये. पेन्शनवर मेहकरला आलो. पाचला उठणे, पाच किलोमीटर चालणे, साडेसातला चहा. चौथ्या वर्षी पाचाचे दोन किलोमीटर झाले, मग चालणे अंगणापुरते उरले. नागपूरच्या डॉक्टरांनी सांगितले, हृदय थकले आहे, बदलावे लागेल. नाव यादीत गेले. सूचना एकच होती : फोन चालू ठेवायचा, आणि बोलावले की चार तासांत रिपोर्ट करायचे.

सात महिने थांबलो. वाट पाहण्याची सवय होती. पण कशाची वाट पाहतो आहे, ते एका सकाळी कळले. पेपरातली अपघाताची बातमी मी दोनदा वाचली होती. तरुण मुलगा, डोक्याला मार, प्रकृती गंभीर.

"काऊन हो, तेच पान पाहून राह्यले?" पत्नी सुनंदाने विचारले.

"काही नाही."

दुसऱ्या दिवसापासून पेपर बंद केला. तिला कारण सांगितले नाही.

फोन आला तो मंगळवार. सकाळचे नऊ वाजून दहा मिनिटे.

"हवालदारसाहेब, हृदय मिळण्याची शक्यता आहे. किती वेळात पोचाल?"

"चार तासांच्या आत."

"काही खाऊ नका. पाणीही नको."

"राइट, सर."

शेजारच्या विलासने गाडी काढली. समृद्धी महामार्गावर लागलो. तासाभराने सुनंदा म्हणाली, "आज कोनाच्या तरी घरी..." मी तिचा हात धरला. एक वाजायला वीस मिनिटे असताना रुग्णालयाच्या दारात होतो.

शुद्धीवर आलो तेव्हा मॉनिटरवर ठोके ९६ होते. माझे जुने हृदय अडखळत चालायचे. हे एका तालात चालत होते. आवाज उशीपर्यंत येत होता. दोन दिवस मी हळू बोललो, त्याला त्रास नको म्हणून.

तिसऱ्या आठवड्यात विनाकारण रडू येऊ लागले. बावीस वर्षांच्या नोकरीत असे झाले नव्हते; लाज वाटायची. समुपदेशक बाईंनी विचारले, "लाज कशाची वाटते?" मी पेपराची गोष्ट सांगितली.

त्या म्हणाल्या, "तुम्ही वाट पाहिली म्हणून हृदय देणारा गेला, असे नाही. त्याच्या घरच्यांनी हो म्हटले म्हणून तुम्ही आहात."

घरी परतल्यावर चौथ्या महिन्यात रस्त्यावर ट्रकचा टायर फुटला. जुन्या सवयीने मी जमिनीवर आडवा. हातपाय थरथरत होते, पण छातीत तोच ताल. मनगट धरून मोजले : ९४. उठून खुर्चीत बसलो, सुनंदाने पाणी दिले, आणि मग हृदय धावू लागले. ११८.

डॉक्टरांना फोन केला.

"घाबरू नका," ते म्हणाले. "त्याच्या नसा कापलेल्या आहेत. भीतीची खबर त्याला रक्तातून मिळते, म्हणून उशिरा. ठोके मात्र ते स्वतःच देतं."

म्हणजे माझ्या मेंदूशी तार तुटलेली, तरी ड्युटी चालू. वायरलेसची लिंक तुटली की स्टेशन गप्प होते, एवढेच मला ठाऊक होते. त्या दुपारी मी बराच वेळ छातीवर हात ठेवून बसलो.

सुनंदाने माझ्या छातीला कान लावून ऐकले. मग विचारले, "जेवला का रे बाबू?"

"कोणाला म्हणतेस?"

"त्याले. मायनं विचारलं असतं ना."

रुग्णालयामार्फत त्याच्या घरी पत्र पाठवले. नियमाप्रमाणे नाव-गाव नाही. दोन महिन्यांनी चार ओळी आल्या. वय एकोणतीस. आंबट खायचा. लहान मुलगी आहे. शेवटची ओळ आईची होती : तब्येतीला जपा.

आमच्या तुकडीतले दोघे कुपवाड्याहून परतले नाहीत. नायक सतपाल. सिग्नलमन जोसेफ. रोज सकाळी तोंड धुतल्यावर मी पूर्वेकडे सावधान उभा राहून ही दोन नावे घेतो. मग आणखी एक नाव घ्यायला जेवढा वेळ लागेल, तेवढा गप्प राहतो.