डाव्या सॉकेटातला लाल वॉल्व्ह

आमचे हे वसमतच्या बसडेपोत कारकून होते आणि सुट्टीच्या दिवशी गायन पार्टीत हवाईन गिटार वाजवायचे. हार्मोनियम, ढोलक आणि कोरस यांच्या गलक्यात ती गिटार पहिल्या रांगेतल्या लेकरांनासुद्धा ऐकू जायची नाही. मग नांदेडचा एक ऑर्केस्ट्रा मोडला, त्यातला गिटारवाला मुंबईला निघाला आणि जाताना त्याचा अ‍ॅम्प्लिफायर ह्यांनी विकत आणला. दोन माणसांनी धरावी लागेल अशी ती पेटी बसच्या टपावरून उतरवताना अर्धी गल्ली जमली होती. सत्तरचं दशक अर्ध्यावर आलं होतं आणि आमच्या भागात असली वस्तू कुणी पाहिलेली नव्हती.

मी मुलींच्या शाळेत विज्ञान शिकवायचे. पेटी घरात आली तशी मी आधी तिच्या मागे जाऊन बसले. मागची बाजू जवळजवळ उघडीच होती. आत काचेचे चार-पाच वॉल्व्ह. लहान होते ते गिटारीच्या तारेतून येणारा बारीकसा आवाज वाढवायचे, आणि शेवटचे दोन मोठे, कंदिलाच्या काचेएवढे, तो आवाज स्पीकर हलवण्याइतका दणकट करायचे. दोघांची जोडी होती, ओझं निम्मं निम्मं उचलायची. बटण दाबलं की आत नारिंगी तार पेटायची आणि थोड्या वेळाने पेटी हलकेच घूं करायची.

सासूबाईंना ती पेटी पहिल्याच हिवाळ्यात आवडली. कारण ती वरून ऊबदार राहायची. एकदा शाळेतून आले तर पेटीवर विरजणाचं पातेलं.

"आत्याबाई, आत करंट आहे," मी म्हणाले.

"मंग काय झालं? दही लवकर लागून राहिलंय."

पातेलं मी खाली ठेवलं. त्या दिवसापासून त्या पेटीवर रुसल्या.

एप्रिलमधल्या जयंतीच्या आधी घरी तालीम चालू होती. कुरुंद्याचा कार्यक्रम ठरला होता. दुपारची वेळ, खिडक्या उन्हामुळे लावून घेतलेल्या. मी चहा घेऊन आले तर पेटीच्या मागून भिंतीवर लालसर उजेड पडलेला दिसला. वाकून बघितलं. डावीकडच्या मोठ्या वॉल्व्हच्या आतला काळा पत्रा तव्यासारखा लाल झाला होता. उजवीकडचा नेहमीसारखा काळाच.

"अहो, बंद करा," मी म्हणाले.

"काहून? आवाज तर येतोय."

"आधी बंद करा, मग सांगते."

बाजारातल्या रेडिओ दुरुस्तीवाल्या चाचांना बोलावलं. चाचा जुन्या जमान्यातले, निजामाच्या वेळेपासून रेडिओ उघडत आलेले. त्यांनी चष्मा कपाळावरून खाली घेतला, वॉल्व्हकडे एकवार पाहिलं आणि निकाल दिला. "वॉल खलास हाय, बाई. नांदेडहून नवा आना."

ह्यांनी दुसऱ्याच दिवशी आणला. चाचांनी बसवला, बटण दाबलं. आम्ही चौघं, सासूबाईंसकट, पेटीमागे बसून बघत होतो. थोड्याच वेळात नव्याचाही पत्रा लाल व्हायला लागला. चाचांनी झटकन बटण बंद केलं.

"नवा बी खराब निकला," ते पुटपुटले.

माझ्या डोक्यात शाळेतला एक साधा प्रयोग आला. दिवा लागत नसेल तर दोष दिव्यात की होल्डरमध्ये हे कसं ओळखायचं, तर दिवा दुसऱ्या होल्डरमध्ये लावून. मी म्हणाले, "चाचा, थंड झाले की दोघांची जागा बदलू या. डावा उजवीकडे, उजवा डावीकडे."

"त्यानं काय व्हईल?" ह्यांनी विचारलं.

"लाली वॉल्व्हबरोबर गेली तर वॉल्व्ह खराब. जागेवरच राहिली तर जागा खराब."

चाचांनी माझ्याकडे पाहिलं, मान डोलावली आणि स्वतःच वॉल्व्ह बदलले. लाली जागेवरच राहिली. आता उजवीकडचा, जो इतके दिवस निमूट होता, तो डाव्या सॉकेटात बसताच लाल झाला.

चाचांना आता मजा वाटायला लागली. "म्हंजी वॉलची कायबी गलती न्हाई," ते म्हणाले. "खाली बघू." त्यांनी पेटी आडवी केली आणि पत्र्याखालचा पसारा उघडला. पण मला हात लावू देण्याआधी त्यांनी माझा डावा हात धरून पाठीमागे नेला. "हा हात इथंच ठेवायचा. पेटी बंद असली तरी आत करंट थांबून राहतो. दोन हातानं धरला तर छातीतून जातो." मग त्यांनी आत साठलेली वीज काढून टाकली आणि मगच काम सुरू केलं. ती एका हाताने काम करायची सवय मला कायमची लागली.

दोष एका कंडेन्सरमध्ये निघाला. लहान वॉल्व्हकडून येणारा आवाज पुढे सोडायचा आणि विजेचा दाब मात्र अडवून धरायचा, एवढंच त्याचं काम. तो झिरपायला लागला होता, म्हणून डाव्या वॉल्व्हवर नको तो दाब येत होता आणि बिचारा ताकदीपेक्षा जास्त राबून लाल होत होता. चाचांनी कंडेन्सर बदलला, जुनीच जोडी परत बसवली, मी मीटर धरला. डावा वॉल्व्ह काळाच राहिला. ह्यांनी गिटारीवर धातूची कांडी फिरवली तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "आता बराबर वाजून राहिलं." तेव्हा कळलं, त्यांचा रुसवा संपलाय.

जयंतीला आम्ही कुरुंद्याला निघालो. मोठे वॉल्व्ह काढून, जिनिंगमधून आणलेल्या कापसात गुंडाळून, पितळी डब्यात ठेवले होते. नांदेडहून आणलेला नवाही जादा म्हणून सोबत होता. बसमध्ये गर्दी. वाटेत कुणीतरी पेंडीचं पोतं नेमकं डब्याच्या पिशवीवर टाकलं.

विहारासमोर मांडव घातला होता. अजून ऊन होतं, बायका पुढे बसलेल्या, सासूबाई त्यांच्या मधोमध. मी मंचाच्या मागे डबा उघडला. वॉल्व्हच्या डोक्यावर आतून चांदीसारखा मुलामा असतो, जुन्यांपैकी एकाचा तो दुधासारखा पांढरा पडला होता. काचेला तडा गेला की आत हवा शिरते आणि मुलामा असा पांढरा होतो. तो वॉल्व्ह संपला होता.

पार्टीचे मुख्य गायक घाईवर आले होते. "बाई, राहू द्या पेटी. आमी तसंच गातो."

"थोडं थांबा," मी म्हणाले. पण पेटी मंचाच्या मधोमध होती आणि मी डबा घेऊन पायरीशीच थांबले. गावातली एकही बाई त्या मंचावर चढलेली नव्हती.

सासूबाईंनी खालून ते ओळखलं. "जा वर," त्या सगळ्यांसमोर म्हणाल्या. "कोन काय म्हनतंय ते मी बघते."

मी पदर खोचला आणि चढले. उरलेला जुना आणि नवा अशी बेजोड जोडी बसवली, बटण दाबलं. पण पत्रा लाल होतोय का हे भर उन्हात दिसेना. मग खोचलेला पदर काढला, डोक्यावरून घेऊन पेटीमागे अंधार केला आणि आत डोकावले. बायकांत हसू पिकलं. एक म्हातारी मोठ्याने म्हणाली, "फडक्यात डोकं घालून फोटो काढून राहिली का वो?" मीही पदराच्या आत हसत होते. दोन्ही पत्रे काळे होते.

जोडी जुळलेली नसल्यामुळे पेटी जरा घोगरी घूं करत होती, पण गिटार मांडवाच्या टोकापर्यंत गेली. गायकांनी पहिलं कडवं संपवून ह्यांच्याकडे हात केला, आणि ह्यांनी एकट्याने ती चाल वाजवली. लोक थांबून ऐकत होते. त्या दिवसापर्यंत हे पार्टीत आहेत हे अर्ध्या लोकांना माहीतच नव्हतं. ह्यांचे कान लाल झालेले मला मंचामागून दिसत होते.

काही दिवसांनी ती फोटोवाली म्हातारी बसने वसमतला आली. धोतराच्या फडक्यात बांधलेला रेडिओ घेऊन ती शाळेच्या फाटकाशी उभी होती आणि येणाऱ्या-जाणाऱ्या मुलींना "ती पेटीवाली बाई" कुठे आहे म्हणून विचारत होती. रेडिओ तिच्या मुलाचा, तो नोकरीला लांब गेलेला. शाळा सुटल्यावर मी तिला चाचांच्या दुकानात घेऊन गेले. चाचांनी दुसरं स्टूल फडक्याने पुसून पुढे सरकवलं.

"बसा बाई," ते म्हणाले. "हा तुमीच उघडा."

मी डावा हात पाठीमागे घेतला. म्हातारी दाराशी टेकून बसली आणि आपल्या मुलाविषयी सांगायला लागली. त्यानंतर आमची बदली होईपर्यंत बरेच रविवार मी त्या दुकानात काढले, आणि खेड्यांतून येणाऱ्या बायका रेडिओ दुरुस्तीला टाकून, आठवडी बाजारात टेकतात तशा निवांत बसून बोलत राहायच्या.