गव्हाणीतला कोंडा

शामकलेचं लग्न घोडीशी लागलंय, असं आमच्या गल्लीत म्हणायची पद्धत आहे. मीही म्हणत आलो. नवा विनोद सुचायला अंगात जोर लागतो, आणि आता तो माझ्या अंगात नाही. आमगावात मी उभी हयात लग्नाच्या बँडमध्ये क्लॅरनेट वाजवली. मग डीजेच्या गाड्या आल्या, त्याच सुमारास माझे पुढचे दात गेले, आणि क्लॅरनेट खुंटीला लागली. आता घरी एक म्हैस आहे आणि तिच्यावर कोणत्याच सुराचा परिणाम होत नाही. लोक अजून मास्टर म्हणतात, तेवढंच.

शामकला वरातीला घोडी देते. म्हणजे घोडीसोबत स्वतः जाते, नवरदेवाला चढवते, लगाम धरून पुढं चालते आणि मांडवाशी उतरवते. आमच्या भागात बाईच्या हातात असा लगाम मी दुसरीकडं पाहिला नाही. पंचेचाळिशी उलटलेली, उन्हानं काळवंडलेली, पायात पुरुषी बूट. किती नवरदेव तिनं मांडवापर्यंत पोचवले असतील! तिच्या दारी मात्र कोणी वरात घेऊन पोचलं नाही. दोन स्थळं आली होती. दोघांनीही म्हटलं, पोरगी पसंत आहे, घोडीचं काय ते पाहा. तिनं घोडीचंच पाहिलं.

तिचा बाप सेवकराम माझा दोस्त. धंदा त्याचाच. शामकला लहान असताना त्याची पहिली घोडी दावणीतून सुटून रेल्वेलाईनवर गेली आणि मालगाडीखाली कटली. सेवकरामनं कशीबशी दुसरी आणली, आणि तेव्हापासून ही पोरगी जी घोडीच्या दोरीला धरून राहिली ती राहिलीच. शाळा सुटली, सोबतच्या पोरी नांदायला गेल्या. तिचा भाऊ कैलाश चार दिवस घोडीवर बसला, मग मोटरसायकलवर बसला, आणि तिच्यावरूनच तिरोड्याला नोकरीला निघून गेला. बाप गेल्यावर लगाम आपोआप हिच्याकडं आला. आताची घोडी त्या दुसरीनंतरची, बिजली. नाव बिजली, पण चाल अशी की मागची वरात कंटाळून पुढं जायची. आता तर पार म्हातारी झाली होती.

माझ्या ओसरीतून शामकलेचं शेड समोरच दिसतं. म्हाताऱ्या माणसाला पाहायला काहीतरी लागतं, मी ते पाहतो. गल्लीतले पोरगे यायचे, घोडी किती पळते विचारायचे, फोटो काढायचे, शेपटीचा एखादा केस उपटायचे आणि जायचे. पोरी आल्या की बसायच्या. कोणी आयाळ विंचरायची, कोणी डोळ्यावरच्या माश्या हाकलायची, कोणी नुसतीच मानेला टेकून उभी राहायची.

एकदा मी विचारलं, "काऊन वो शामकला, हे पोट्ट्या घोडीपाशी एवढ्या काऊन घुटमळतात? पोट्टे त थांबत नाहीत."

ती खूर साफ करत होती. मान वर न करता म्हणाली, "घरी त्याईचं कोन ऐकते जी मास्टर? पानी आन, भांडे घास, तिकडे जाऊ नको. इथं एवढं मोठं जनावर त्याईच्या हातानं मान खाली करते. कोन सोडन ते? पोट्ट्याईचं काय, त्याईले बाईक भेटते."

"मंग तुहंही तसंच का?"

"माहं वेगरं आहे," ती म्हणाली, आणि दुसरा खूर उचलला.

या पोरींमध्ये सगळ्यात चिवट भूमिका नावाची पोरगी. दहा-अकरा वर्षांची, गल्लीच्या टोकाला राहणारी. तिचा बाप धानाच्या मिलमध्ये पोती उचलतो. बाकीच्या पोरी खेळायला तरी जायच्या. ही सकाळी यायची, दुपारी यायची, संध्याकाळी हाका मारून न्यावी लागायची. शामकला तिच्यावर खेकसायची, "घरी जाय! पुस्तक घेऊन बस!" एकदा तर तिला हाताला धरून फाटकाबाहेर काढलेलं मी पाहिलं. मला ते बरं वाटलं नाही, म्हणून बोललो.

"इथं अडकन ते पोट्टी, मास्टर," ती म्हणाली. "मले पाहून राहिले ना तुम्ही? एक अडकली, बस झालं."

मग भिंतीला पाठ टेकून म्हणाली, "औंदाचा हंगाम शेवटचा. मंग बिजली बसून खाईन आन मी कैलाशकडे जाऊन झोपीन. दिवस निंघेपर्यंत झोपाचं आहे मले. कोनी उठवू नये." लीद काढायला, खरारा करायला ती लहानपणापासून अंधारात उठत आलेली. हे बोलतानाही तिचे डोळे मिटत होते.

आता वरातीतली एक रीत सांगायला हवी. नवरदेव घोडीवर चढण्याआधी त्याच्या बहिणी ताटात भिजवलेली चण्याची डाळ आणि गूळ आणतात आणि घोडीला भरवतात. ही गोंदियाच्या व्यापारी घरांतली रीत, पण आता खेड्यापाड्यांतही आली, कारण फोटो चांगला येतो. घोडीनं डाळ खाल्ली तर शकुन, तोंड फिरवलं तर अपशकुन. बहिणी सख्ख्या, चुलत, मावस मिळून डझनभर. एवढ्या ताटांत घोडीनं तोंड घालावं म्हणून घोडीवाले एक युक्ती करतात. वरातीच्या दिवशी सकाळपासून तिला उपाशी ठेवतात. सेवकराम तेच करायचा, शामकलाही तेच करत आली.

भूमिकाला हे सोसायचं नाही. "मावशी, ते उपाशी आहे ना वो! मले पाहून राहिली!" ती म्हणायची. शामकला खरारा उचलून बिजलीच्या पलीकडच्या बाजूला जायची.

मे महिन्यात हंगामातली शेवटची वरात आली. बाजारातल्या एका किराणा व्यापाऱ्याचा मुलगा. मलाही बोलावणं होतं, आणि खरं सांगायचं तर मी जेवणाच्या ओढीनं गेलो. निघण्याआधी बिजली शेडबाहेरच्या हौदावर खूप वेळ पाणी पीत राहिली. "आज एवढी तहान कायची लागली इले?" शामकला म्हणाली. ऊन होतंच तसं, म्हणून आम्ही दोघांनीही फार विचार केला नाही.

दिवस कलला तेव्हा नवरदेव चढला. बहिणी ताटं घेऊन पुढं आल्या. बिजलीनं पहिल्या ताटाचा वास घेतला आणि तोंड फिरवलं. दुसरं ताट, तेच. तिसऱ्या बहिणीनं डाळ ओठांना लावली, ती खाली सांडली. नवरदेवाची आत्या कपाळावर हात मारून ओरडली, "अरे, घोडी ने मुँह फेर लिया!" डीजे थांबला. मोबाईल धरलेले हात मात्र खाली आले नाहीत.

सगळे ताटाकडं पाहत होते, शामकला घोडीकडं. बिजली मान वळवून स्वतःच्याच कुशीकडं पाहत होती आणि पुढच्या पायानं जमीन उकरत होती. शामकलेनं तिच्या पोटाला कान लावला. मग सरळ उभी राहून नवरदेवाला म्हणाली, "उतरा जी."

चढलेला नवरदेव कोणी उतरवत नाही. मी माझ्या आयुष्यात पाहिलं नव्हतं. मुलाचा काका अंगावर धावून आला, बायका शिव्या द्यायला लागल्या, पुन्हा गावात धंदा करू देणार नाही म्हणाले. शामकलेनं नवरदेवाचा पाय रिकिबीतून सोडवला, झूल ओढून माझ्या खांद्यावर टाकली आणि घोडी घेऊन गर्दीतून निघाली. नवरदेव पुढं कारमधून गेला म्हणे. मी जेवण सोडून तिच्या मागं निघालो.

शेडच्या फाटकाशी भूमिका उभी होती. हातात रिकामी टोपली, आणि चेहरा आनंदानं फुललेला. "मावशी, दुपारी तुम्ही आंघोळीले गेल्या ना, तवा मी तिच्यासाठी मिलमधला कोंडा आनला. टोपलीभर गव्हानीत टाकला. मायनं हाक मारली म्हनून घरी पराली. खाल्ला का तिनं?"

मी गव्हाणीत डोकावलो. चाटून पुसून साफ होती.

आमच्या धानाच्या मुलखात कोंडा म्हणजे जनावराचं पोटभर जेवण. माझी म्हैस तेच खाते, भूमिकाच्या घरची गायही. पण घोडीचं पोट वेगळं असतं. उपाशी पोटी एवढा कोरडा कोंडा, वरून पोटभर पाणी. तो आत फुगत जातो, आणि घोडीला तर ओकताही येत नाही. पोरीला हे कुठून कळणार? तिनं भुकेल्याला खाऊ घातलं होतं. तिच्या घरी तिला तेच शिकवलं होतं.

शामकलेनं फक्त माझ्याकडं पाहून मान हलवली, गप्प राहा म्हणून.

जनावरांचे डॉक्टर फोन केल्यावर लगेच आले. "काय खाल्लं हिनं?" त्यांनी मोठ्यानं विचारलं. तोवर फाटकाशी गल्ली जमली होती. शामकला डॉक्टरांना हौदापाशी घेऊन गेली आणि हळू आवाजात खरं ते सांगितलं. डॉक्टरांनी नळीनं तेल घातलं, इंजेक्शनं दिली, चालवत राहा म्हणाले. वय फार झालंय, असंही म्हणाले. शामकला तिला अंगणात गोल गोल चालवत राहिली. भूमिकाचा बाप तिला न्यायला आला तेव्हा ती पोर रडत नव्हती. डॉक्टरांचा प्रश्न तिनं ऐकला होता. रिकामी टोपली पोटाशी धरून ती एवढंच म्हणाली, "मावशी, मी देल्लं म्हनून का?"

"घरी जाय," शामकला म्हणाली.

उजाडायच्या आत बिजली गेली.

सकाळी दार उघडतो तर शामकला उभी. डोळे लाल, हातात टोपली. "मास्टर, कोंडा आहे का घरी?"

माझं डोकं फिरलं. "मेलेल्या घोडीले कोंडा? पागल झाली का?"

तिनं माझ्या बायकोला बाजूला सारून म्हशीच्या पोत्यातला कोंडा टोपलीत काठोकाठ भरून घेतला आणि निघाली. मीही मागं गेलो. शेडच्या मागं बिजली तिच्या वरातीच्या झुलीखाली पडलेली होती. शामकलेनं टोपली गव्हाणीत उलटी केली, हातानं कोंडा पसरला, वर दोन काड्या टाकल्या. आदल्या दिवसाचा वाटावा इतकं नीट केलं तिनं ते. मग खाली बसली.

"बाबाची पयली घोडी लाईनवर कटली, ध्यानात आहे?"

"आहे ना."

"दोरी मी सोडली होती. तवाही वरातीचा दिवस होता, ते उपाशी होती. म्हटलं, चरून येईन." तिनं नाक पुसलं. "बाबानं साऱ्या लोकाईपुढं सांगतलं, हे पोट्टीनं मारली. मंग दुसरीची दोरी माह्यानं सोडवलीच नाही. लोक म्हनतात, शामकलाले घोडीचं वेड आहे. वेड कायचं जी मास्टर? भेव होतं. मी नजर काढली का हेही मरन, असं वाटे."

सेवकराम माझा दोस्त. मरून इतकी वर्षं झाली त्याला. त्या सकाळी मला त्याचा इतका राग आला, की तो समोर असता तर मी त्याच्यावर हात उचलला असता. आणि आम्ही सारे इतकी वर्षं हसत होतो, याची लाज वाटली.

तेवढ्यात भूमिका आली. रात्रभर झोपली नसावी. फाटकाशीच थांबली. शामकलेनं तिला हाक मारून गव्हाणीपाशी आणलं.

"हे पाह्य. तुहा कोंडा. तिनं तोंड नाही लावलं याले. सकारपासूनच बिमार होती ते, मलेच नाही समजलं. म्हातारी झाली होती वो बाई."

पोरीनं आमच्या दोघांकडं पाहिलं. मी मान डोलावली. मग तिनं गव्हाणीत कोपरापर्यंत हात घातला आणि तळाशी चाचपून पाहिलं. तळापर्यंत कोंडाच होता. हात बाहेर काढला आणि ती मोठ्यानं रडायला लागली, लेकरानं रडावं तशी. नुसत्या बिजलीसाठी. शामकलेनं तिला रडू दिलं. मग पदरानं तिचा कोंड्यानं भरलेला हात पुसला.

"जाय आता. इथं येऊ नको. इथं पाहाले काही नाही राहिलं."

भूमिका गेली. वळून पाहिलं नाही तिनं. शामकला ती दिसेनाशी होईपर्यंत पाहत होती. मग म्हणाली, "तुमचा कोंडा न्या जी, मास्टर. म्हैस उपाशी असन."

मी ओंजळीनं कोंडा टोपलीत भरत होतो तेवढ्यात ती तिथंच, गव्हाणीशेजारच्या पेंढ्यावर आडवी झाली आणि झोपली. बूटही काढले नव्हते. ऊन तिच्या तोंडावर आलं तरी हलली नाही.

थोड्या वेळानं बिजलीला न्यायला ट्रॅक्टर आला. ड्रायव्हर फाटकाशी हॉर्न वाजवायला लागला. मी धावत गेलो, या वयात जेवढं धावता येतं तेवढं. म्हटलं, "बंद कर बाबू ते. थांब जरासा. झोपली आहे ते."

"कोन?" त्यानं विचारलं. "घोडी?"

"नाही," मी म्हटलं. "शामकला."