मागं बघणारा बैल

काचेच्या कपाटातल्या वस्तू पुसायला मी कुणाला हात लावू देत नाही. कामाला येणाऱ्या बाईला नाही आणि सुनेलाही नाही. आठ-पंधरा दिवसांनी ओलं फडकं घेऊन स्वतःच बसते, आणि सगळं पुसून झालं की शेवटी तो मातीचा बैल हातात घेते. वीतभरही उंच नाही, उजव्या कानाचा टवका उडालेला. भाजल्या मातीवर ओलं फडकं फिरलं की क्षणभर एक वास येतो, कोऱ्या माठात पाणी ओतल्यावर येतो ना, तसा. तेवढा मला पुरतो. कोथरूडच्या तिसऱ्या मजल्यावरून मी थेट मुळशीच्या एका धुरकट स्वयंपाकघरात जाऊन बसते, आणि मग त्या दिवशी माझ्या हातून दुसरं कुठलंच काम धड होत नाही.

सत्तरचं दशक सरत आलं होतं. मी चोवीस वर्षांची, नवी नवी मास्तरीण, मुळशीच्या शाळेवर रुजू झाले आणि एका शेतकऱ्याच्या घरात एक खोली भाड्यानं घेतली. घरमालकांना सारं गाव आबा म्हणायचं, म्हणून मीही म्हणू लागले. साठीला टेकलेला, तोंडानं फटकळ माणूस. सकाळी उठल्यापासून कुणावर तरी डाफरणं चालू: बैलावर, पावसावर, पिंपरीच्या कारखान्यात नोकरीला गेलेल्या मुलावर, आणि दुसरं कुणी नसलंच तर बायकोवर, म्हणजे आमच्या काकूंवर. मी पहिले दोन महिने त्यांच्या वाऱ्यालासुद्धा उभी राहत नव्हते.

मे महिना आला आणि धरणाचं पाणी मागं हटलं. एरवी समुद्रासारखं पसरलेलं ते पाणी उन्हाळ्यात आकसतं, आणि खालून कधी कुणाचे बांध, कधी जोत्याचे दगड वर येतात. आबांची वडिलोपार्जित भातखाचरं त्या पाण्याखाली होती. धरण झालं तेव्हा आबा पाच-सहा वर्षांचं पोर. एका सकाळी ते डोक्यावर घमेलं घेऊन निघाले, पाण्याच्या कडेला त्यांच्या खाचरातला गाळ उकरला आणि घरी आणला. खडे वेचले, माती भिजवली, तुडवली, ओल्या गोणपाटाखाली झाकून ठेवली. पुढं श्रावण लागला, लावणीची धांदल ओसरली, आणि आबा चुलीपाशी मांडी घालून पोळ्याचे बैल करायला बसले. ज्यांच्या दावणीला जनावर नव्हतं, अशा घरांत हे मातीचे बैल पूजेला जायचे. मुळशीच्या पावसात चार-चार महिने लुगडी वाळत नाहीत, तिथं माती कशी वाळावी? म्हणून चुलीच्या उबेला बैलांची रांग लागायची, आणि काकू त्यांच्यामधून हात घालून भाकरी भाजायच्या.

त्या दिवसांतले आबा मी पाहिले आणि माझा विश्वासच बसेना. गुणगुणत असायचे. आवाज अगदी बेसूर, पण गुणगुणणं थांबायचं नाही. काकू मला हळूच म्हणाल्या, “ह्या दिसांत त्यांना भांडायचं सुचतच न्हाई बगा. मग मीच भांडते. सवय मोडू नये म्हनून.”

एकही बैल दुसऱ्यासारखा नसे. आबांनी आयुष्यात जे जे बैल पाहिले, हाकले, विकले, पुरले, ते सगळे त्या मातीतून उठून यायचे. हा नांगराला जुंपला की बसकण मारणारा, हा पाणी पिताना डोळे मिटणारा. पण एक बैल ते दरवर्षी करायचे आणि दरवर्षी त्याच्यापाशी अडायचे. गाव सोडून वर यायच्या दिवशी त्यांच्या वडिलांनी गाडी जुंपली होती. जोडीतला एक बैल चालता चालता थांबे आणि मान वळवून मागं खाचरांकडं बघे. गाडीत बसलेल्या त्या लहानग्यानं ते पाहिलं होतं, आणि ती मान काही डोळ्यांपुढून हलेना. आबा तीच मान करत होते. करून झाली की बैल चुलीसमोर धरायचे, एक डोळा बारीक करून न्याहाळायचे आणि म्हणायचे, “मान चुकली.” त्यात खंत म्हणाल तर नव्हती. पुढच्या सालाचं काम शिल्लक राहिल्यासारखं बोलायचे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी घरोघरचे बैल गोळा व्हायचे, आणि आबा स्वतः कमरेइतक्या पाण्यात उतरून ते सोडून यायचे. त्या खाचराची माती त्या खाचरात परत.

खरं सांगू, मला त्यांचा हेवा वाटायचा. कॉलेजात असताना मी चित्रं काढायची. बरी काढायची. नोकरी लागली आणि रंगांची पेटी ट्रंकेच्या तळाशी गेली ती गेलीच. मोठं झालं की आपण प्रत्येक गोष्टीला आधी विचारतो, ह्यातून निघणार काय? पोरं नाही विचारत. आणि आबा नाही विचारायचे. साठीचा माणूस वर्षातला अख्खा महिना निव्वळ हातांत आनंद घेऊन बसतो आणि शेवटी तो पाण्यात सोडून मोकळा होतो, हे माझ्या शिकलेल्या डोक्यात शिरतच नव्हतं. एवढं सुंदर काम, आणि फुकट जातं! मला कुणी विचारलं नव्हतं हो. पण न विचारता भलं करायची खोड शिकलेल्या माणसाला असतेच.

तिसऱ्या वर्षी तो बैल फार देखणा झाला. मान अशी वळली होती की बघतच राहावं. आबांनी नेहमीसारखा चुलीसमोर धरला. मला वाटलं, आज तरी म्हणतील, मान साधली. “न्हाई. अजून न्हाई,” ते म्हणाले आणि रांगेत ठेवून दिला. त्या वर्षी बैल पाण्यावर न्यायची टोपली मीच भरली, आणि तो एक बैल पदराखाली लपवला. दसरा उलटला, पाऊस उघडला, पौडच्या कुंभारानं आवा लावला, तेव्हा शनिवारची शाळा सुटल्यावर एसटीनं जाऊन तो बैल भाजायला देऊन आले. कुंभार म्हणाला, भरीव हाय, तडकंल. तडकला नाही, कानाचा टवका तेवढा उडाला. दिवाळीच्या पाडव्याला मी तो तांबडाभडक बैल आबांच्या पुढ्यात ठेवला आणि बक्षिसाची वाट बघणाऱ्या मुलीसारखी उभी राहिले. वर म्हणालेसुद्धा, “आबा, मान अगदी बरोबर झाली होती. आता हा कायमचा राहील.”

त्यांनी बैल उचलला. बोटाच्या नखानं टिचकी मारली. ठणठणीत आवाज आला. रागावतील असं वाटलं, पण ते रागावले नाहीत. “तुमाला बरूबर वाटली व्हय?” एवढंच विचारलं. मी होय म्हणाले. तीनदा म्हणाले असेन. मग त्यांनी तो देव्हाऱ्याशेजारच्या कोनाड्यात ठेवून दिला.

पुढचा मे आला. पाणी मागं गेलं, खाचरांचे बांध वर आले. घमेलं भिंतीलाच टेकून राहिलं. मला वाटलं, तब्येत बरी नसेल. मग वाटलं, आज जातील, उद्या जातील. शेवटी मृगाची चाहूल लागली तेव्हा मी धीर करून विचारलं, आबा, माती नाही आणायची का? ते ओसरीवर बसले होते. माझ्याकडं न बघता म्हणाले, “आता कशाला, बाई? त्यो तर झालाच की.”

गावातल्या घरांनी त्या वर्षी पौडच्या बाजारातून बैल आणले, साच्यातले, सगळे एकाच तोंडाचे. श्रावणात चुलीपाशी जागा मोकळी होती. काकू भाकरी थापत होत्या, आबा बाहेर कुणावर तरी ओरडत होते, आणि काकू परातीतच बघत म्हणाल्या, “आवंदा सरावनातबी भांडत्यात.” मी माझ्या खोलीत गेले आणि दार लावून रडले.

दोन वर्षांनी माझी बदली झाली. निघायच्या दिवशी आबांनी कोनाड्यातला बैल धोतराच्या जुन्या फडक्यात गुंडाळून माझ्या हातात दिला. “न्या तुमच्यासंगं. हितं नको.” त्यानंतर दीडेक वर्षात ते गेल्याचं काकूंच्या मुलाचं पत्र आलं. मधल्या काळात त्यांनी मातीला हात लावला नव्हता, हे मी भेटायला गेले तेव्हा काकूंनी सांगितलं. मला दोष दिला नाही. चहा दिला.

तिथूनच मी पाण्यावर गेले होते. मे महिनाच होता. त्यांचं खाचर मला माहीत होतं, बैल पिशवीत होता. गुडघाभर पाण्यात उतरून मी तो तळाशी ठेवला आणि काठावर बसून राहिले. दुपार टळली, उन्हं कलली. पाणी नितळ होतं. बैल होता तसाच तळाशी उभा, तांबडा, मान वळवून. त्याची माती सुटेना. कशी सुटणार? मीच तर पक्का करून घेतला होता. अंधारायच्या आत परत पाण्यात उतरले, तो उचलला, पदरानं पुसला आणि शेवटची एसटी धरली.

ह्याला आता कितीतरी वर्षं झाली. मीच आज त्या वेळच्या आबांहून मोठी आहे. आज पुसताना खिडकीतून ऊन आलं होतं, म्हणून बैल उजेडात धरला आणि सहज एक डोळा बारीक केला. आणि मला दिसलं. मान खांद्यापासून वळायला हवी होती, ती मध्येच वळली आहे. थोडीशीच, पण चुकली आहे. मागं बघणारं जनावर असं बघत नाही. आबांना ते दिसत होतं, आणि बरोबर झाली म्हणून मी तीनदा सांगितलं होतं. हे एवढं मला त्या पाडव्याला दिसलं असतं, मी नुसतं म्हणाले असते की आबा, मान चुकलीय, तर मे महिन्यात ते घमेलं घेऊन निघाले असते.