पाय बरे झाल्याचे पेढे

आमचे हे पेढे घेऊन घरी आले तेव्हा मी विचारलं, "बढती मिळाली वाटतं?" तर म्हणाले, "छे गं, पाय बरे झाले!"

यांना मधुमेह आहे. म्हणजे हातात पेढ्यांचा पुडा धरून जो माणूस दारात उभा होता, त्यालाच आहे, हे आधी नीट ध्यानात घ्या. दोन वर्षं यांच्या तळपायांची नुसती आग आग व्हायची. कामावरून आले की पाय गार पाण्याच्या बादलीत आणि तोंडाचा पट्टा चालू. डॉक्टरकडे चला म्हटलं की, "रविवारी बघू." आता ती आग एकाएकी थांबली होती. "काही म्हणजे काही जाणवत नाही," हे म्हणाले आणि फरशीवर धाडधाड पाय आपटून दाखवले.

हे पाइपच्या कंपनीत मेंटेनन्सला आहेत. तिथे एखादा अलार्म सारखा कोकलायला लागला की त्याची वायर सोडवून ठेवतात. आवाज बंद, तक्रार बंद, लाइन चालू. त्याच न्यायाने यांनी स्वतःचे पाय 'ओके' करून टाकले.

यांचं एक वेळ सोडा. मी कोण? मी शाळेत विज्ञान शिकवते! अठरा वर्षं फळ्यावर मेंदू काढतेय, त्याखाली पाठीच्या कण्यातला मेरुरज्जू, आणि तिथून हातापायांत उतरलेल्या चेता. काटा रुतला की निरोप पायातून वर मेरुरज्जूत जातो, आणि मेंदूला धड पत्ता लागायच्या आत पाय उचलला जातो. प्रतिक्षिप्त क्रिया, तीन गुण, आकृतीसह. "निरोपच गेला नाही तर?" असं मी दरवर्षी विचारते, आणि कुणी "मग मज्जाच, बाई, दुखणारच नाही" म्हटलं की त्याला बाकावर उभं करते. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. त्या दिवशी मी दोन पेढे खाल्ले आणि अर्धा यांना भरवलासुद्धा. याची मला अजून लाज वाटते.

पुढच्या रविवारी बऱ्या झालेल्या पायांचा मान ठेवायला म्हणून आम्ही दादऱ्याच्या वनगंगा बागेत गेलो. यांनी तळ्याला दोन चकरा मारल्या, मी बाकावर बसून शेंगा खाल्ल्या. डोकमर्डीला घरी आल्यावर हे सँडल काढून स्वयंपाकघरात गेले, गॅलरीत गेले, मग हातपाय धुवायला बाथरूममध्ये. तेवढ्यात शेजारच्या गुजराती काकी विरजण मागायला आल्या आणि दारातच हात जोडून उभ्या राहिल्या. "अरे वाह भाभी, लक्ष्मीजीनां पगलां पाड्यां? आजे शुं छे?"

मी वळून बघितलं. पांढऱ्या फरशीवर लालभडक पावलं उमटली होती. नऊ नंबरची लक्ष्मी, फक्त उजव्या पायाची, आणि निघालेली बाथरूमकडे.

अगं बाई गं! मी सँडल उलटी केली तर तळातून आरपार घुसलेला स्क्रू. हे बाथरूममधून आले, स्क्रू हातात घेऊन उजेडात धरला आणि कौतुकाने म्हणाले, "हा आमच्याकडचाच. पॅनलच्या झाकणाचा." हे कंपनीतून काल दुपारी आले होते. म्हणजे कालपासून तो सँडलमध्ये होता, आणि तळ्याच्या दोन्ही चकरा यांनी त्याच्यावरच मारल्या होत्या.

तशीच यांना डॉक्टरकडे घेऊन गेले. डॉक्टर भले गृहस्थ. जखम बघून म्हणाले, "हाड वाचलंय. पण साखर चेता कुरतडते, आणि सगळ्यात आधी सगळ्यात लांबच्या, कमरेपासून पायाच्या बोटांपर्यंतच्या. तळव्यात थोडी जरी जाणीव उरली असेल तर पाय राखता येईल. अजिबातच नसेल तर आज स्क्रू, उद्या काच. असेच अंगठे काढावे लागतात, मग पाऊल." हे मात्र निवांत. "करा टेस्ट," म्हणाले.

डॉक्टरांनी यांना डोळे मिटून झोपायला सांगितलं. नायलॉनचा एक दोरा तळव्याला टेकवायचा, टेकला की यांनी 'हो' म्हणायचं, एवढंच. दोरा अंगठ्याला टेकला. "हो," हे म्हणाले. माझा जीव भांड्यात पडला. मग टाचेला. "हो." मग करंगळीला. "हो." एकेका दमाला एकेक 'हो', अगदी तालात. हा ताल माझ्या ओळखीचा होता. महिनाअखेरीला हे जेवणाच्या टेबलावर मशीनच्या तपासणीचा तक्ता भरायला बसतात, एकही मशीन डोळ्यासमोर नसताना: ओके, ओके, ओके.

डॉक्टरांनी दोरा उचलला आणि खणात ठेवून दिला. "हो," हे म्हणाले. डॉक्टर खुर्चीत बसून कागदावर लिहायला लागले. "हो." मला हसू फुटलं, तोंडावर पदर धरला, आणि पदराखालीच ते रडू झालं. मी उठले आणि यांचा डावा अंगठा, जखम नसलेला, चिमटीत धरून नख रुतेपर्यंत दाबला. सगळी ताकद लावली. पाय हलला नाही. चेहराही नाही.

"हो," एक दम घेऊन हे म्हणाले.

मी अंगठा सोडला आणि यांच्या कपाळावर हात ठेवला. तेव्हा कुठे यांनी डोळे उघडले.

"अगं, रडतेस काय वेड्यासारखी? एकदा तरी चुकलो का मी?"