उपास कुणी धरायचा

पोलादपूरच्या वरच्या वाडीवरचं धुकं काही केल्या हटेना. बयाबाईनं चाचपडतच म्हशींची धार काढली, किटली खाली जाणाऱ्या जीपवर चढवली आणि हात धुऊन चुलीशी बसली. आज घट बसायचे. घराची रीत अशी, की घटाचं धान्य पेरायचं घरच्या कुमारी मुलीनं. आणि संध्याकाळची आरती होईतो तिनं पाण्याशिवाय काही तोंडाला लावायचं नाही.

गेल्या वर्षी नात दिशा आरतीआधीच लुळी पडली. डोळे फिरले, अंग घामानं थंडगार. वाडीला वाटलं, अंगात देवी आली. बाया ओट्या घेऊन धावल्या. बयाबाईनंही पोरीच्या पायांवर डोकं ठेवलं. सणाला मुंबईहून आलेल्या तिच्या बापानं, किशोरनं, सगळ्यांना बाजूला सारलं आणि तिला उचलून महाडला नेलं. साखरेची सलाईन चढली तेव्हा कुठं पोर बोलली.

पुढं मुंबईच्या डॉक्टरीणबाईंनी तपासण्या करून उलगडून सांगितलं. अंगातल्या पेशीपेशीत बारीक चुली असतात, मायटोकॉन्ड्रिया म्हणतात त्यांना. पोट रिकामं राहिलं की त्या अंगातली चरबी जाळून जीव धरतात. दिशाच्या चुलींना जन्मापासून चरबी जाळताच येत नाही. वेळेवर खाल्लं तर पोर ठणठणीत. उपाशी राहिली तर जिवावर बेतणार. बयाबाईला ते लगेच पटलं. तिचा जन्मच जाळ सांभाळण्यात गेला होता.

घट मांडायचा मान धाकट्या दिराचा, चांगूचा. तो आला, तर दिशा दूध-भाकरी कुस्करत बसलेली. तो उंबऱ्यातच थांबला.

"वैनी, एक दिवस तर हाय. देवी घेईल सांभाळून."

दिशानं ताटली हळूच सरकवली. "आजे, मी ऱ्हाते उपाशी."

बयाबाईनं ताटली परत तिच्यापुढं ओढली.

"भावजी, तवा देवी नाय आली व्हती. पोर मरत व्हती, नि आपुन पाया पडत व्हतो."

चांगू जरा नरमून म्हणाला, "मंग उपास कोन धरील?"

"तुमी धरा. तुमच्या अंगात जाळायला मायंदाळ हाय."

चांगूनं आपल्या सुटल्या पोटाकडं पाहिलं. हसू दाबायला गेला, पण दबलं नाही. चहाचा पुढं केलेला कप त्यानं मुकाट्यानं परत दिला आणि परडीत माती चाळायला बसला.

दिशानं ताटली पुसून खाल्ली, हात धुतले आणि धान्य पेरलं. दुपारच्या जेवणाची वेळ तिला दोनदा बजावून बयाबाईनं कनवटीला विळा खोचला आणि म्हशींच्या गवताला गेली.