दारव्ह्याच्या बाजारातले छोटे मामाजी

मंडळी, आज दारव्ह्याच्या बाजारात एक बाई तुरीच्या पोत्यांवर चढलेल्या आपल्या चार वर्षांच्या पोराला हाका मारत होती, "ओ मामाजी, उतरा ना खाली!"

मी जागीच थबकलो. माझी मायही मला मामाजीच म्हणायची. आमच्यात थोरल्या नातवाला आजोबांचं नाव देतात, अन् सून काही सासऱ्याचं नाव तोंडातून काढत नाही, मामाजीच म्हणते!

तिचा नवरा शेजारीच होता. मी विचारलं, "काय नाव बाप्पा याचं?"

"गणपत. माह्या बाबाचं ठेवलं. मी तुळशीराम."

"म्हणजे तुह्या आजाचंही तुळशीराम?"

"हो! तुमाले कसं माहीत?"

दोन्ही नावं आमच्या घरातलीच! आडनाव विचारलं, तेही आमचंच निघालं.

साठ सालाच्या सुमारास माझे तुळशीराम काका आजोबांशी भांडून घर सोडून गेले. "आजपासून मले बाप नाही," म्हणाले. मी लहान होतो, पण ते शब्द अजून कानात आहेत. आजोबा शेवटपर्यंत रस्त्याकडे डोळे लावून बसायचे. त्यांचं नाव गणपत.

अन् काकांनी आपल्या पहिल्या लेकाचं नाव गणपतच ठेवलं होतं.

मी डोळे पुसत म्हटलं, "मीही गणपतच रे. तुह्या बाबाचा चुलतभाऊ."

सूनबाई पाया पडली अन् हसली, "बापा, आता माहे तीन मामाजी झाले!"

तुमच्या घरून कोणी रुसून गेलं असेल, तर त्यानं लेकराचं नाव काय ठेवलं, हे कधी विचारलंत का?